भाजीचा रतीब नव्हे, वाटा

ताई,

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरी मी, हे, सासूबाई, तेरा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. मी पतसंस्थेत नोकरी करते. जूनमध्ये ह्यांच्या मित्राच्या ओळखीनं आम्ही एका शेतकऱ्याकडं भाजीचा ‘वाटा’ घेतला. २४ रविवारांचे १२,००० रुपये आधीच भरायचे आणि दर रविवारी सकाळी साधारण सहा किलो बिनफवारणीची भाजी चौकात जाऊन आणायची. अशी चाळीस घरं आहेत. रान नदीकाठच्या मळीत आहे.

आतापर्यंत तेरा रविवार झाले. त्यातले दोन कोरडे गेले. मळीत पाणी आलं म्हणून भाजीवाल्या दादांनी रानाचा फोटो पाठवला आणि माफी मागितली, पण पिशवी नाहीच. बाकी वेळेला काय येतं ते सांगते. मागच्या रविवारी सव्वा किलो घोसाळी, आळूची पानं, अंबाडीच्या दोन जुड्या, कारली, वांगी, चार काकड्या आणि लाल भोपळा. आमची मुलं भेंडी, फ्लॉवर आणि बटाटा खातात. सासूबाईंचा चातुर्मास, त्यांना वांगं, कांदा, लसूण चालत नाही. त्या वाळवा तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या. म्हणतात, “आमच्या रानात भोपळे वाटून संपत नव्हते. आता पैसे भरून भोपळा खायचा का?” मंडईत हीच भाजी साडेतीनशेला येते, असाही त्यांचा हिशेब आहे. भाजीत अळ्या निघतात त्या वेगळ्याच.

साडेआठला पिशवी येते आणि साडेअकरापर्यंत मी ओट्यापाशीच असते. त्यात शेजारणीनं सांगितलं की आमच्या दादांचीच भेंडी बुधवारी मंडईत विकायला होती. आमच्या पिशवीत मात्र दोन आठवडे भेंडी नाही. उरलेल्या ऑर्डरचे पैसे परत मागावेत का? हे म्हणतात, बरं दिसत नाही. आणि ताई, अंबाडी आमच्याकडं कुणी खात नाही हो.

– एक वाचक, विश्रामबाग

*

तुझं पत्र दोनदा वाचलं. वयानं माझ्या भाचीएवढी असशील, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी उत्तर सांगते, मग बाकीचं बोलू. उरलेले अकरा रविवार पुरे कर. त्यांचे पैसे परत मागू नकोस. गेलेल्या दोन पिशव्यांचं काय ते मात्र दादांना सरळ विचार, भेंडीचंही विचार. पुढच्या हंगामाला पूर्ण वाटा घेऊ नकोस. अर्धा देत असतील तर अर्धा, नाहीतर शेजारणीला बरोबर घेऊन एक वाटा दोघींत. आणि येत्या रविवारी भाजी निवडायला तू एकटी बसायचं नाही.

आता का ते सांगते. पत्रात तू ‘भाजीवाले दादा’ लिहिलंस आणि शेवटी ‘ऑर्डर’ लिहिलंस. म्हणजे तुझ्या डोक्यात हा भाजीचा रतीब आहे. चूक तुझी नाही. पैसे भरताना बोलणी ह्यांनी केली आणि तुझ्या वाट्याला फक्त पिशवी आली. पण रतीब वेगळा आणि वाटा वेगळा. दुधाचा रतीब लावला की गवळ्याची म्हैस आटो नाहीतर मरो, तो दुसरीकडून आणून तुझं एक लिटर घालतो. म्हैस ही त्याची अडचण. वाट्यानं रान करणाऱ्यांचं गणित तसं नसतं, पिकलं तर दोघांचं आणि बुडालं तर दोघांचं. १२,००० रुपयांत तू चोवीस पिशव्या विकत घेतलेल्या नाहीस, त्या रानाच्या एका हंगामातला चाळिसावा हिस्सा घेतलायस. तुझ्या सासूबाईंना हे एका वाक्यात कळेल. त्यांच्या तालुक्यात घरटी कुणी ना कुणी साखर कारखान्याचा सभासद असतो. उसाचं बिल लांबलं म्हणून शेअर परत करायला कुणी जात नाही, नुसतं सभेत उठून भांडतात. तूही भांड, पण सभासद म्हणून भांड.

ही पद्धत आपल्याकडं नवी वाटते, पण बाहेर पन्नास वर्षं जुनी आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात फवारणीच्या भीतीनं शहरातल्या बायका एकत्र आल्या आणि त्यांनी थेट शेतकऱ्यांशी बोलणी केली. तिथं याला ‘तेइकेइ’ म्हणतात. त्यांच्या नियमांत एक असा आहे की रानातून जे निघेल ते उचलायचं, निवडानिवड नाही. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर हेच सुरू झालं, हंगामाआधी पैसे आणि हंगामभर वाटा. आधी पैसे का, तर खर्च आधीच होतो म्हणून. बी-बियाणं, दोडक्या-घोसाळ्याच्या मांडवाची तार-काठी, खुरपणीच्या बायकांची हजेरी. हे सगळं पहिली काकडी निघायच्या आत भागवावं लागतं. सावकाराकडनं किंवा अडत्याकडनं उचल घेण्यापेक्षा तुम्हा चाळीस घरांकडनं घेतलेली बरी, एवढाच त्यामागचा विचार.

आता ते दोन कोरडे रविवार. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण आपण शहरातली माणसं फूट मोजायला लागतो तोवर मळी कधीच पाण्याखाली गेलेली असते. कोयना धरणातून विसर्ग वाढला आणि नदी पात्राबाहेर पडली की पहिली मळीच बुडते. भेंडीच्या किंवा वांग्याच्या बुडात दोन-तीन दिवस पाणी उभं राहिलं की मुळं गुदमरतात. पाणी ओसरल्यावर झाड उभंच दिसतं, पण पानं पिवळी पडून खाली मान घालतात. पालेभाजी तर गाळानं माखून जमिनीला चिकटते. ती धुऊनही खाण्यासारखी राहत नाही. आणि तोच गाळ वर्षानुवर्षं साचून ती जमीन अशी झालीय की कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत खायला पुण्या-मुंबईची माणसं जीव टाकतात. मळीचं रान घ्यायचं तर पाणीही घ्यावंच लागतं. म्हणून या दोन पिशव्यांचा दोष मी दादांना देणार नाही. पण एक विचारायला हरकत नाही: “पुढं माल जास्त निघाला तर त्या दोन रविवारची थोडी भरपाई होईल का?” बहुतेक शेतकरी हो म्हणतात, कारण हिवाळ्यात मेथी-पालक एकदम अंगावर येतो आणि तेव्हा द्यायला त्यांच्याकडं भरपूर असतं.

भेंडीचं प्रकरण तुला जास्त लागलंय, ते दिसतं. लागणारच. आपल्या पैशानं लावलेली भेंडी दुसऱ्याच्या तराजूत बघितली की कुणाचंही डोकं फिरेल. पण एक गोष्ट लक्षात घे. भेंडीचा तोडा दिवसाआड करावा लागतो. रविवारसाठी शनिवारी तोडली, तर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी पुन्हा तोडावीच लागते, नाहीतर ती लांब, जून आणि चिवट होते आणि झाडही पुढं फळ धरायला कुचराई करतं. मग मधल्या तोड्यांचं काय करायचं? मंडईतच न्यायची. बुधवारी मंडईत दिसलेली भेंडी ही फसवणूक नाही. तुझ्या पिशवीत दोन रविवार नव्हती, हा मात्र प्रश्नच आहे. शनिवारचा तोडा कुठं गेला? दादांना हेच शब्द वापरून विचार: “शनिवारचा तोडा चाळीस घरांना पुरत नव्हता का?” तोड्याचं नाव काढलंस की समोरच्याला कळतं, या बाईला रानातलं कळतंय. दहा किलोच निघाली आणि चाळीस घरांत पाव-पाव किलो वाटण्यापेक्षा त्यांनी ती विकली असेल, तर तसं सांगू देत. पाव किलो का होईना, आधी वाटेकऱ्यांना आणि मग मंडईला, हा नियम तुम्ही घरं मिळून ठरवून घ्या. मुळात तो आधीच ठरायला हवा होता.

मी काही शेतकरी म्हटलं की डोळे पाणावणारी बाई नाही. साताऱ्यात असताना मीही एका गटाकडं असेच ५,००० रुपये भरले होते. सात पिशव्या आल्या. आठव्या रविवारी कोपऱ्यावर आम्ही पंधरा-वीस जण रिकाम्या पिशव्या घेऊन तासभर उभे, आणि फोन बंद. पुढंही कधी लागला नाही. रानच नव्हतं, बाजारातनं भाजी उचलून आणत होते, असं मागाहून कळलं. खरं तर पहिल्याच महिन्यात कळायला हवं होतं. भर पावसाळ्यात दर आठवड्याला फ्लॉवर, ढब्बू मिरची, टोमॅटो, सगळं एकसारखं, एकाच मापाचं. मी मात्र खूश होते, काय सुंदर भाजी म्हणून! तुझी पिशवी बघ. घोसाळी, आळू, अंबाडी, काकडी, भोपळा. पावसाळ्यात मळीत हेच येतं. ही पिशवी खोटं बोलत नाही. शिवाय ज्याला गायब व्हायचं असतं तो बुडालेल्या रानाचा फोटो पाठवत नाही.

अळ्यांचंही त्यातच आलं. कोमट पाण्यात मीठ घालून भाजी दहा मिनिटं बुडवून ठेव, अळ्या वर येतात. मला स्वतःला अळी नसलेल्या ‘सेंद्रिय’ वांग्याचीच जास्त धास्ती वाटते. प्रमाणपत्र विचारशील, तर असं आहे: पीजीएस-इंडिया नावाची सरकारी पद्धत आहे, त्यात गावातले पाच किंवा जास्त शेतकरी गट करून एकमेकांची रानं तपासतात. तुझे दादा त्यात आहेत का, विचारून घे. नसले तरी लगेच संशय नको. २०१७ च्या सेंद्रिय अन्नाच्या नियमांत लहान शेतकऱ्यानं थेट खाणाऱ्याला माल विकला तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. म्हणजे प्रमाणपत्राची जागा तुमच्या डोळ्यांनी घ्यायची. एखाद्या शनिवारी दुपारी न सांगता रानावर जा. सहल म्हणून नको, सभासद म्हणून जा. फवारणीचा पंप कुठं आहे, त्यात काय घालतात, आणि वाफ्यात पुढचं काय उगवलंय ते बघ. मेथी-कोथिंबीर वीतभर दिसली तर पुढच्या पिशवीचं तुला आधीच कळेल.

सासूबाईंचा हिशेब चूक नाही. वाट्याचे पाचशे आणि मंडईचे साडेतीनशे, आठवड्याला दीडशेचा फरक, चोवीस आठवड्यांचे ३,६०० रुपये. एवढे पैसे घरखर्चात टोचत असतील तर पुढच्या वेळी वाटा सोडणं यात काही अपराध नाही, आणि ‘बरं दिसत नाही’ म्हणून कुणी महिन्याचं गणित बिघडवू नये. पण हिशेब अंदाजानं नको. चार रविवार पिशवी काट्यावर ठेव, वहीत मांड, आणि त्याच दिवशी मंडईत तीच भाजी काय भावानं होती ते शेजारी लिही. पितृपक्षात गवार आणि कारल्याला काय भाव चढतो ते सासूबाईंनाच विचार. तेव्हाचा आकडा वहीत आला की साडेतीनशे टिकतात का ते कळेल.

आणि भोपळ्याचं त्यांचं ते वाक्य मला फार आवडलं. त्यात कंजूषपणा नाही गं. ज्या घरात भोपळे वाटून संपत नव्हते त्या घरची लेक आता फ्लॅटमध्ये पिशवीतला भोपळा मोजून घेते, ते त्यांना बोचतंय. नुकतीच ऋषिपंचमी झाली. तुमच्याकडं ऋषीची भाजी झाली असेलच. आठवून बघ त्यात काय काय होतं: आळू, अंबाडी, तांदळी, दोडका, पडवळ, भोपळा, काकडी. बैलाच्या कष्टाचं नको म्हणून परसात, कुंपणावर जे आपसूक येतं ते सगळं एका भांड्यात. जवळजवळ तुझी रविवारची पिशवीच ती. वर्षातून एक दिवस आपण ही भाजी पुण्य म्हणून चाटून-पुसून खातो आणि पुढच्या रविवारी तीच आली की तोंड वाकडं करतो! पुढची पिशवी उघडायला सासूबाईंच्या पुढ्यात ठेव आणि याचं काय करायचं असं त्यांनाच विचार. घोसाळ्याची भजी, दोडक्याच्या शिरांची चटणी, भोपळ्याचे घारगे त्यांच्या हातात आहेत, तुझ्या-माझ्या मोबाईलमध्ये नाहीत. वांगी मात्र त्यांच्यासमोर नाचवू नकोस. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत होईपर्यंत ती शेजारी दे आणि बदल्यात त्यांच्याकडनं बटाटे आण. दादांनाही सुचव, चौकात पिशव्या वाटतात तिथं एक रिकामी टोपली ठेवा. ज्याला जे नको त्यानं ते टोपलीत टाकायचं आणि दुसऱ्याचं उचलायचं. तुझी कारली हवी असणारं घर त्या चाळिसांत नक्की असेल.

आता तीन तासांचं. तू ते पत्रात एका ओळीत उरकलंस, पण सगळं पत्र त्या ओळीवर उभं आहे असं मला वाटतं. मंडईत जातो तेव्हा आपण भाजीबरोबर आपला वेळही तोलून घेतो. मंगळवारी उशीर होणार म्हणून फ्लॉवर, गुरुवारी सासूबाई घरी आहेत म्हणून गवार, आणि मेथी फक्त रविवारी. वाट्याची पिशवी तुला वेळ विचारत नाही. तिच्यात आळू असला तर शिरा सोलायच्याच, अंबाडी असली तर पान-पान खुडायचंच. सोमवार ते शनिवार पतसंस्था आणि रविवारी अंबाडी! वाटा घेतला ह्यांनी, कौतुक झालं ह्यांचं, आणि हात काळे झाले तुझे. तू भाजीवर चिडलीस, दादांवर चिडलीस, पत्रात ह्यांच्यावर मात्र कुठंच चिडलेली नाहीस, म्हणून मी चिडते.

ज्यानं वाटा घेतला त्यानं पेपर पसरून निवडायला बसावं. निवडता येत नसेल तर शिकावं, बँकेचा अर्ज भरण्यापेक्षा सोपं आहे. मुलीनं लसूण सोलावा, मुलानं काकड्या आणि भोपळा धुवावा. लवकर कोमेजणारं आधी संपवायचं: पालेभाजी रविवार-सोमवार, घोसाळी-दोडकी बुधवारपर्यंत. लाल भोपळा कापला नाही आणि देठ शाबूत असला तर कोरड्या कोपऱ्यात दोन महिने बसून राहतो, त्याची घाई नाही. हे घरात जमलं नाही तर मात्र पुढच्या हंगामी वाटा बंद कर. त्यात दादांचा दोष नसेल आणि तुझाही नसेल.

अकरा रविवार थांब असं मी का म्हणते, ते राहिलंच. तुम्ही जूनमध्ये सुरू केलंत. वाट्यासाठी वर्षातला सगळ्यात अवघड काळ तो. पाऊस, पाणी, चिखल, वेलवर्गीय भाज्यांचा मारा. आता दसऱ्यानंतर मेथी, पालक, शेपू, मुळा सुरू होईल, थंडी पडली की घेवडा आणि पावटा. मुलांचा फ्लॉवरही तेव्हाच येईल. तुझे पैसे भोपळ्यांत गेले आणि मेथीच्या तोंडावर तू उठून चाललीस, हा व्यवहार मला पटत नाही.

राहिली अंबाडी. तुम्ही ती नुसती परतून करत असाल, म्हणून आंबट-तुरट लागते. पानं खुडून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं शिजव, पाणी फेकून पानं घट्ट पिळून घे. ज्वारीच्या कण्या आणि मूठभर तूरडाळ वेगळी मऊ शिजव, त्यात शेंगदाणे टाक. मग पानं घालून रवीनं घोट, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घाल, दाट होऊ दे. इथं सासूबाईंची वाटी बाजूला काढून तिच्यावर हिंग-मोहरीची फोडणी दे. बाकीच्यासाठी तेल चांगलं तापवून दहा-बारा पाकळ्या लसूण लाल कर, दोन सुक्या मिरच्या मोड, आणि ती फोडणी वाढताना वरून घाल, आधी नको. बरोबर गरम ज्वारीची भाकरी. मुलानं पहिल्या दिवशी नाक मुरडलं तर मुरडू दे, त्याच्या ताटात फक्त लसणाचा तेलकट भाग वाढ. निवडायला दोन जुड्यांना वीस मिनिटं लागतात, ह्यांना पाऊण तास लागेल.